टाचेखालचा हात

आमच्या तलावात बांधापासून साठ-सत्तर हातांवर एक सागाचा खांब आहे. त्याच्या बुडाशी सपाट दगड बसवला आहे आणि दगडापासून साडेचार फुटांवर खांबाला एक खाच आहे. माघ-फाल्गुनात तलावाचं पाणी उतरत उतरत त्या खाचेला लागतं. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांची वयात आलेली पोरं एकेक करून त्या दगडावर उभी राहतात. पाय सपाट, हनुवटी पाण्याच्या वर, आणि बांधावरच्यांनी दहा म्हणेपर्यंत तसंच. जमलं तर तो पुरा माणूस. त्याला महाजालाच्या आतल्या दोरीला उभं राहता येतं आणि मासोळीत पुरा वाटा मिळतो. नाही जमलं तर अर्धा वाटा, आणि पुढच्या वर्षापर्यंत नावही तेच, अर्धा.

नियम उगीच केलेला नाही. महाजाल ओढताना आतल्या दोरीचा माणूस सगळ्यात खोल पाण्यात असतो. तिथे पाय न टेकणारा पोरगा जाळ्याच्या ओढीने खाली जातो. माझ्या बापाच्या काळात असा एक गेला. त्यानंतर हा खांब रोवला.

पोरं टाचा उचलून उंची चोरतात. म्हणून एक जाणता माणूस बुडी मारतो आणि पोराच्या टाचेखाली हात घालून पाहतो. हात आत गेला तर पोरगा नापास. वीसेक वर्षं हे काम माझ्याकडे होतं. पुढे कानात पाणी जाऊन जाऊन ठणका लागला, तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीने ते माझ्या पुतण्याला दिलं. सुरेंद्र माझ्या मोठ्या भावाचा मुलगा. आमच्या गावात त्याच्याइतका उंच ढिवर दुसरा नाही. सोसायटीचा अध्यक्षही तोच आहे.

यंदा त्याचा मुलगा मिथुन दगडावर उभा राहिला. पंधरा पूर्ण होऊन सोळावं चालू होतं. पाणी त्याच्या डोळ्यांवरून गेलं. टाच तपासायची गरजच नव्हती, तरी सुरेंद्रने बुडी मारली.

"बाप खाली जाऊन काय पाहून राह्यला गा?" बांधावरून लच्छू ओरडला. "पोट्टा तं वर दिसूनच नाई राह्यला."

लोक हसले. सुरेंद्र वर आला, तोंडावरचं पाणी पुसलं आणि मोठ्याने म्हणाला, "अर्धा." त्याच्या मागून शेजाऱ्याचा आयुष उभा राहिला. तो मिथुनपेक्षा दीड वर्षाने लहान. त्याची हनुवटी पाण्याच्या चार बोटं वर होती.

बांधावर आल्यावर कोणीतरी म्हणालं, अध्यक्षाच्या पोराला एवढं काय कडक. सुरेंद्र म्हणाला, "माहा असो का कोणाचा असो. मी चौदाव्या वर्षी याच दगडावर उभा राह्यलो. विचारा काकाले."

मला कोणी विचारलं नाही. मी जाळ्याच्या गाठी पाहत होतो.

मिथुनला दवाखान्यात न्यायचं त्याच्या आईने ठरवलं. गोकुळा आठवडी बाजारात मासोळी विकते, चार लोकांत बोलते. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "मामाजी, दुसऱ्या बाया रडतात का पोट्ट्याचे पँट दर दिवाळीले आखूड होते. माह्या पोट्ट्याचे दोन वर्षांपासून तेच पँट आहे. अजून गुडघेसुद्धा फाटले नाई. तुम्ही याच्या बापाले सांगा. माह्यं ऐकत नाई."

सुरेंद्रने माझं ऐकलं. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने चंद्रपूरला निघालो. कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं आणि विचारण्याच्या आधीच म्हणाला, "एक फुल, दोन हाफ."

"दोन कसे?" सुरेंद्र म्हणाला.

"बुढ्याचा हाफ. पोराचा हाफ."

"मले फुल द्या," मिथुन म्हणाला.

"काऊन बे, शौक हाये काय?"

"मी दहावीत आहो."

कंडक्टरने मागे वळून दोन-तीन बाकांवरच्या लोकांना ते सांगितलं, मग फुल तिकीट कापलं. मिथुनने ते हातात धरून ठेवलं. चंद्रपूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता आणि सुरेंद्र समोरच्या बाकाच्या पाठीकडे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी मिथुनला भिंतीला टेकवून मोजलं. एकशे एक्केचाळीस सेंटीमीटर. शाळेत दर वर्षी वजन-उंची लिहितात, तो कागद गोकुळाने बरोबर दिला होता. बाईंनी त्यातले आकडे एका छापील तक्त्यावर टिंबं करून मांडले. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी शाळेतच झाली होती, त्यात काही नव्हतं. त्यांनी रक्त घेतलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढायला पाठवलं. मग विचारलं, "वास येतो का रे तुला?"

"येते."

"कशाचा?"

"मासोळीचा."

बाई हसल्या. "मला पण येतोय. छान आहे ते. काही पोरांना वासही येत नाही आणि वाढही होत नाही, दोन्ही एकाच कारणाने. म्हणून विचारलं."

पडद्याआड त्यांनी मिथुनला तपासलं. त्यांच्या हातात एक दोरा होता आणि त्यात लहानापासून मोठ्यापर्यंत बारा लाकडी मणी ओवलेले होते. वयात येताना मुलाचे अंडकोष वाढू लागतात, तीच पहिली खूण. आवाज, मिशी, उंची हे सगळं नंतरचं. ते किती झाले हे त्या मण्यांशी ताडून पाहतात. मिथुन लाल होऊन बाहेर आला. बाई म्हणाल्या, "तिसरा मणी आणि चौथा मणी, यांच्या मध्ये. सुरुवात झाली असं म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही."

दुपारी एक्स-रे आला. त्यांनी एक मोठं पुस्तक उघडलं. त्यात प्रत्येक वयाच्या हाताच्या हाडांचे फोटो होते. त्या पानामागून पान उलटत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"मुलगा साडेपंधराचा आहे. हाडं बाराची आहेत."

"म्हणजे कमजोर?" सुरेंद्रने विचारलं.

"कमजोर नाही. मागे आहेत. डोक्यात, नाकाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती रक्तात हार्मोन सोडते. एक वाढीचं, ते झोपेत जास्त सुटतं, लहानपणापासून चालू असतं. दुसरं वेळ आली की सुटतं आणि अंडकोषांना जागं करतं. मग तिथून तिसरं हार्मोन निघतं. ते आलं की पोरगा वर्षाला आठ-दहा सेंटीमीटर वाढतो. याचं ते दुसरं अजून नीट सुरू झालेलं नाही."

"काऊन नाई?"

"दोन गोष्टी असू शकतात. काही घराण्यांत ते उशिराच सुरू होतं. बापाचं उशिरा, म्हणून मुलाचं उशिरा. त्याला काही करावं लागत नाही, वाट पाहायची. दुसरं म्हणजे त्या ग्रंथीतच काही अडचण असेल. ते शोधावं लागतं." त्यांनी पेन उघडलं. "तुम्ही केव्हा वाढलात भाऊ? तुमचा आवाज केव्हा बदलला?"

सुरेंद्र लगेच म्हणाला, "मी चौदाव्या वर्षी पुरा होतो, मॅडम."

"पुरा म्हणजे?"

त्याने खांबाचं सांगितलं. बाईंना ते आवडलं असावं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "आजोबा, तुम्हाला आठवतं?"

"काकांनीच टाच पाह्यली होती," सुरेंद्र म्हणाला.

मी म्हणालो, "हो."

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा जरा बदलला. म्हणाल्या, "मग नागपूरला जावं लागेल. डोक्याचा फोटो काढतील, काही रक्ताच्या तपासण्या दिवसभर बसवून करतात. लगेच घाबरू नका. पण टाळूही नका." कागदाच्या मागे त्यांनी स्वतःचा फोन नंबर लिहून दिला.



आता खरं काय ते लिहितो. सत्तावीस वर्षांपूर्वी माझा भाऊ कावीळ होऊन गेला. घरात त्याची बायको, दोन मुली आणि सुरेंद्र. सुरेंद्र तेव्हा पंधराचा होता, चौदाचा नव्हता. अर्ध्या वाट्यावर ते घर चाललं नसतं. त्या माघात तो दगडावर उभा राहिला तेव्हा टाच पाहणारा मी होतो. मी बुडी मारली, दगडावर गुडघे टेकले आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या मांडीवर घेतले. पाणी गढूळ असतं, वरून काही दिसत नाही. वरचे दहा म्हणाले. मी त्याला खाली सोडलं, वर येऊन श्वास घेतला आणि सांगितलं, "टेकली."

त्यानंतर दोन वर्षं मी त्याला आतल्या दोरीला जाऊ दिलं नाही. त्याला डोंग्यावर, म्हणजे छोट्या होडीवर बसवलं आणि आतली दोरी स्वतः धरली. लोकांना वाटलं, भाऊ गेल्यापासून मी पोराला जपतो. सतरा पूर्ण होईपर्यंत त्याला एसटीत अर्धं तिकीट लागत होतं. मग अठराव्यात तो जो सुटला तो दोन वर्षांत माझ्या डोक्यावरून गेला. एवढा उंच झाल्यावर तो कधी लहान होता हे गाव विसरलं. खांबावरची गोष्ट तेवढी राहिली. सांगता सांगता त्याचं वय त्याने एक वर्षाने कमी केलं होतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

नागपूरला जायचं नाव सुरेंद्र काढेना. गोकुळाने विचारलं की म्हणे, जाळं होऊ दे. जाळं झालं, तर म्हणे, मार्च जाऊ दे. माझ्याशी एकदाच बोलला. "काका, डोक्यात खराबी म्हणजे काय असते ते मले माहीत आहे. तिथी नेलं का ते डोस्कं उघडतात."

"फोटो काढतात म्हणाल्या बाई."

"आधी फोटोच काढतात."

तो घाबरला होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

एप्रिलात एका सकाळी गोकुळा पदराखाली काहीतरी घेऊन आली. "मामाजी, हे वाचून द्या." औषधाच्या काचेच्या सहा कुप्या होत्या, कागदी खोक्यात. खोकं ओलं होतं.

"कुठी सापडलं?"

"थर्माकोलच्या डब्यात. मरळ मासोळीच्या खाली." आमच्या घरांत जी वस्तू खराब होऊ नये ती बर्फात जाते. सुरेंद्रनेही तेच केलं होतं. कुपीतलं औषध गोठून तळाशी पांढरं बसलं होतं. "मी विचारलं तं म्हणे, ताकदीचं आहे. सोनू मास्तर आज पाच वाजता येऊन पोट्ट्याले सुई देणार आहे. दर हप्त्याले एक."

सोनू मास्तर तालुक्याच्या गावी व्यायामशाळा चालवतो. भरतीच्या पोरांकडून दंड-बैठका काढून घेतो. त्याने सुरेंद्रला सांगितलं होतं की नागपूरची काही गरज नाही, दोन महिन्यांत पोरगा खांबाच्या वर दिसेल.

मला मराठी अक्षरं येतात, तीही केस पिकल्यावर आली. खोक्यावर इंग्रजी होतं. मी ते डिंपलकडे नेलं. डिंपल आमच्या गावची आशाताई, बारावी झालेली. तिने खोकं खिडकीत धरून वाचलं आणि म्हणाली, "आबाजी, हे त्या पोट्ट्याले देऊन राह्यले? हे तं मोठ्या माणसाचं हार्मोन आहे. अन् बर्फात कोणी ठेवलं?"

"त्याच्या बापानं."

"मासोळी आहे काय हे?"

गोकुळाने दवाखान्याचा कागदही दिला होता, त्याच्या मागच्या नंबरवर तिने फोन लावला. डॉक्टर बाईंनी खोक्यावरचं नाव डिंपलकडून ऐकलं. मग मला म्हणाल्या, "आजोबा, एकही टोचू देऊ नका."

"त्यानं वाढत नाई काय?"

"वाढेल. तेच तर वाईट आहे. नीट ऐका. प्रत्येक लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. मऊ असते. उंची वाढते ती तिथे. हे हार्मोन शरीरातून वेळेवर, थोडंथोडं येऊ लागलं की ती पट्टी जोराने वाढते. पण तिला पक्की करून बंद करण्याचं कामही शेवटी त्याच हार्मोनकडून होतं. बाहेरून एवढं टोचलं तर पोरगा सहा महिने भराभर वाढेल, तुम्ही खूश व्हाल, आणि पट्टी अवेळी मिटून जाईल. एकदा मिटली की मी काही करू शकत नाही, नागपूरवालेही नाही. आता त्याची हाडं बाराची आहेत. म्हणजे बरीच वर्षं शिल्लक आहेत त्याच्याकडे. ती कशाला उडवता?"

मी म्हणालो, "बापाले वाटते का डोक्यात खराबी आहे."

"मी तसं म्हटलं नव्हतं. पण शंका घ्यावीच लागली. बाप किंवा काका कोणी उशिरा वाढलेला असता तर मी एवढी घाई केलीच नसती. कधी गरज पडलीच तर हेच औषध मीही देते, पण अगदी थोडं, मोजून आणि कारण कळल्यावर."

"बाई," मी म्हणालो, "त्याच्या बापाले घेऊन येतो मी."

फोन परत दिला. खोकं घेऊन मी सुरेंद्रच्या घरी निघालो.

सुरेंद्र अंगणात जाळं पसरून बसला होता, फाटलेले डोळे, म्हणजे जाळीतली भोकं, भरत होता. मिथुन दुसऱ्या टोकाला जाळं ताणून धरून. गोकुळा दारात. मी खोकं जाळ्यावर ठेवलं.

"हे टोचाचं नाई."

"डिंपलनं सांगतलं वाटते."

"डॉक्टर बाईनं. हे दिलं तं आता वाढते अन् मंग कायमचं बंद होते."

"अन् नाई दिलं तं?" सुरेंद्रने मान वर केली नाही. "ते बाई तं म्हणते, डोक्यात पाहा लागन."

"डोक्यात पाहा लागन काऊन म्हटलं तिनं? तू चौदाव्या वर्षी पुरा होतो म्हणून सांगतलं, म्हणून. अन् मी हो म्हटलं, म्हणून."

त्याचा हात थांबला. "काका, पोरगा इथी आहे."

"त्यालेच ऐकाचं आहे."

"मिथुन, तू आत जाय."

मिथुन उठला नाही. त्याने जाळं तसंच ताणून धरलं होतं.

मी सांगितलं. मांडीवर पाय घेतले ते, डोंग्यावर दोन वर्षं बसवलं ते, अर्ध्या तिकिटाचं. सांगायला फार वेळ लागला नाही. सत्तावीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट चार वाक्यांत संपली.

"खाली तुम्ही होते," सुरेंद्र म्हणाला. "तुम्ही म्हटलं टेकली."

"मी खोटं म्हटलं. तुह्या पायाखाली दगड नव्हता हे तुले समजत नव्हतं काय?"

"मले वाटलं गाळ आहे."

"सत्तावीस वर्षं गाळच वाटला?" गोकुळा दारातून म्हणाली.

सुरेंद्र तिच्याकडे वळला. "तू चूप राह्य."

"कायले चूप राहू? पोट्ट्याच्या डोक्यात किडा आहे म्हणून मी महिनाभर देवीपाशी बसून राह्यली. अन् इथी दोघेही जण गाळ घेऊन बसले आहात."

"तुले समजते काय? दर वर्षी मी दुसऱ्याच्या पोट्ट्याले अर्धा म्हणतो. बिरजूच्या पोराले दोनदा म्हटलं. त्याचा बाप माह्याशी बोलत नाई. आता त्याले काय सांगू? मी कोणाच्या मांडीवर उभा राह्यलो होतो ते?"

 सोसायटीतलं त्याचं सगळं त्या दहाच्या मोजणीवर उभं होतं, आणि ती मोजणी मी दिली होती. ती त्याला दिल्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही. दवाखान्यात हो म्हणालो, त्याचं वाटतं.

मग मिथुनने विचारलं. त्याचा आवाज अजून पातळ होता. "बाबा, तुमचा आवाज कधी फुटला?"

सुरेंद्रने जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "अठरावं लागलं होतं. तोपर्यंत भजनात मले बायांच्या सुरात गायाले लावत."

"बायांच्या बाजूले बसून?"

"बसून कायले? उभा राहून."

गोकुळाने तोंडाला पदर लावला. मिथुन हसला नाही. "मंग तुमाले कसं वाटे?"

 सुरेंद्रने खोकं उचललं, गोकुळाच्या हातात दिलं आणि बांधाकडे निघून गेला.

पाच वाजता सोनू मास्तर फटफटीवर आला. गोकुळाने त्याला उभ्यानेच खोकं परत दिलं. "घेऊन जा. बर्फात जमून गेलं तुमचं औषध, तुपावानी."

"वहिनी, हे बर्फात नाई ठेवत. गरम पाण्यात धरलं का परत पातळ होते."

"मंग तुम्हीच धरा अन् तुम्हीच टोचून घ्या. तुमची उंची तरी कुठी आहे?"

सोनू मास्तर खरंच बुटका आहे. खोकं घेऊन तो गेला.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा चंद्रपूरला गेलो. या वेळी गोकुळाही होती. सुरेंद्र बसमध्ये माझ्यापासून दूर, ड्रायव्हरच्या मागे बसला. दवाखान्यात डॉक्टर बाईंनी कागद काढला, तेव्हा त्याने त्यांना बोलू दिलं नाही. "मॅडम, माह्यं ते चुकीचं लिहिलं आहे. मी अठराव्या वर्षी वाढलो."

"मागच्या वेळी चौदा म्हणालात."

"हो."

"आजोबांनीही हो म्हटलं."

"मी खोटं सांगितलं होतं, बाई," मी म्हणालो.

त्या आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. रागावतील असं वाटलं, पण रागावल्या नाहीत. ओळ खोडली, वर नवी लिहिली, खाली सही केली. मग मिथुनला पडद्याआड नेलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आता चौथा मणी नीट जुळतोय. पाचव्याकडे चाललाय. याची सुरुवात झाली आहे, आपली आपणच."

"मंग नागपूर?" गोकुळाने विचारलं.

"आत्ता नको. रक्तातही काही वावगं आलेलं नाही. चार महिन्यांनी या. तेव्हा उंची सरकलेली दिसली तर पुन्हा चार महिन्यांनी. नाही सरकली तर मग नागपूर. आणि झोपू द्या त्याला. पहाटे जाळ्यावर नेऊ नका रोज." मग सुरेंद्रला म्हणाल्या, "तुमच्याएवढा होईल असं मी लिहून देत नाही. पण याच्यात बिघाड दिसत नाही. तुमचंच घड्याळ लागलंय त्याला."

सुरेंद्रने मान हलवली. बाहेर व्हरांड्यात येऊन तो बाकावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. गोकुळा नळावरून पाणी आणायला गेली. मिथुन त्याच्या शेजारी बसला होता. 

श्रावणात मिथुन दीड सेंटीमीटर वाढलेला भरला. कार्तिकात आणखी तीन. आता बोलताना त्याचा आवाज मध्येच खाली पडतो आणि आयुष त्याची नक्कल करतो. दिवाळीला गोकुळाने नवी पँट घेतली, ती महिनाभरातच घोट्यावर आली. ती बाजारात टोपलीमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ते रडत रडत सांगते.

सोसायटीचं झालं ते असं. सुरेंद्रला कोणी सांगायला भाग पाडलं नव्हतं. आम्ही चौघं गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. वैशाखातल्या बैठकीत तलावाच्या लिलावाचं बोलणं संपल्यावर तो उभा राहिला आणि सांगून टाकलं. टाच पाहायचं काम सोडतो म्हणाला. बिरजू म्हणाला, "मंग माह्या पोट्ट्याचे दोन वर्षं?" सुरेंद्र म्हणाला, "त्याची टाच खरंच उचलली होती, बिरजूभाऊ. पण आता तुले कसं पटवू." बिरजू उठून गेला. अध्यक्षपद लोकांनी त्याच्याकडेच ठेवलं. कागदपत्र घेऊन कचेरीत जाणारा दुसरा कोणी नाही. टाच पाहायचं काम लच्छूने घेतलं.

सुरेंद्र माझ्याशी बोलतो, पण कामापुरतं. काका म्हणतो. मासोळी पाठवतो, ती मिथुनच्या हाती.

आणि गावातली माणसं माझ्याकडे येऊ लागली. माझ्या हाताखालून पुरे झालेले तेवीस जण आहेत. त्यातले चार गेले, दोन कामासाठी बाहेर आहेत. बाकीच्यांपैकी पहिला लच्छूच आला. बांधावर माझ्याजवळ बसला, विडी दिली, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मनसारामभाऊ, माह्यी टाच खाली होती ना गा?"

"होती."

"पुरी?"

"पुरी. हात गेला नाई."

तो माझ्याकडे पाहत राहिला. पंचावन्न वर्षांचा माणूस, नातवंडं आहेत त्याला. "खरं सांगून राह्यले ना?"

"खरं."

तेव्हापासून आठ-नऊ जण येऊन गेले. कोणी सरळ विचारतं, कोणी हसण्यावारी नेतं. त्या सगळ्यांच्या टाचा दगडावर होत्या, हे मला नीट आठवतं. मी तसं सांगतो. ते ऐकून घेतात, थोडं थांबतात आणि उठून जातात.